आधी अवजार, मग शाखा : जामनेरहून बी.एस्सी. फिजिक्सकडे पाहताना

जून संपता संपता जामनेर, पाचोरा, शेंदुर्णी, बोदवड यांपैकी कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी एक प्रश्न कानावर येतोच. पेरणीतून अर्धा दिवस काढून आलेला बाप अर्ज पुढे सरकवतो आणि विचारतो, "सर, पोरीले कोन्ता विषय देऊ? स्कोप कशात हाये?" पोरगी बाजूला उभी असते. बारावीला तिला फिजिक्स आवडलेलं असतं, नीट किंवा सीईटीचा आकडा मनासारखा आलेला नसतो. अर्जावरचे रकाने दोघांनाही सारखेच परके.

पूर्वी हा प्रश्न तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवता यायचा. एफ.वाय.ला तीन-चार विषय घ्यायचे, पुढे एकेक सोडत जायचं आणि टी.वाय.ला एक धरायचा. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना आली आहे. राज्यात ती २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. मुख्य विषय, गौण विषय, मुक्त वैकल्पिक, कौशल्याचा अभ्यासक्रम, क्षेत्रप्रकल्प, कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण असं सगळं पदवीच्या सुरुवातीच्या काळातच समोर येऊन उभं राहतं.

फिजिक्स हा मुख्य विषय ठरला, असं धरून पुढच्या वाटांचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगतो. बी.एस्सी.ला शाखा ठरत नाही; ती एम.एस्सी.ला आणि त्यानंतर ठरते. पदवीच्या तीन-चार वर्षांत निवडायचं असतं ते अवजार. ते गणिताचं असेल, इलेक्ट्रॉनिक्सचं असेल, संगणकाचं असेल किंवा प्रयोगशाळेतल्या हातकामाचं. अवजार हाताला बसलं की त्याने चार शाखांतली जमीन कसता येते. नुसतं शाखेचं नाव घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला मात्र एकाही शेतात उभं करत नाहीत.

रकान्यांचं वजन

निवडीचं वजन श्रेयांकांच्या हिशेबात कळतं. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात वर्गातले १५ तास किंवा प्रयोगशाळेतले ३० तास. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकांत नॅनोतंत्रज्ञान, लेसर, खगोलभौतिकी, अपारंपरिक ऊर्जा अशा नावांचे वैकल्पिक पेपर असतात. त्यातला दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे वर्गातले ३० तास. एवढ्या वेळात विषयाची तोंडओळख होते, गती येत नाही. गौण विषयाच्या वाट्याला मात्र अठरा-वीस श्रेयांक येतात. म्हणजे खरं विशेषीकरण गौण विषयाच्या रकान्यात बसलेलं आहे. आणि होतं असं की वैकल्पिक पेपरच्या नावावर मुलं तासन् तास चर्चा करतात, गौण विषय मात्र मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात.

त्या एका रकान्याचे परिणाम लांबवर जातात. विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कनिष्ठ कार्यकारी पदाला अभियांत्रिकीची पदवी चालते, तशीच फिजिक्स आणि गणित घेऊन केलेली बी.एस्सी.ही चालते. पदवीला गणित नसेल तर हुशार मुलालाही तो अर्ज भरता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुऊर्जा महामंडळ विद्यावेतनी प्रशिक्षणार्थी घेतात, तिथे बी.एस्सी.ला ६० टक्के गुण तर मागतातच, शिवाय फिजिक्स मुख्य असून जोडीला रसायन, गणित, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा दुय्यम विषय कोणता, तेही पाहतात. काही आयआयटींच्या एम.एस्सी. फिजिक्सलाही पदवीत गणित शिकल्याची अट असते. अशा जाहिराती टी.वाय.च्या निकालानंतर वाचायला घेतल्या तर उशीर झालेला असतो. त्या एफ.वाय.ला वाचायच्या.

चौथ्या वर्षाचं गणितही आधी समजून घ्यावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण लागतात. ती पदवी मिळाली की एम.एस्सी. एका वर्षात होते, आणि ७५ टक्के टिकवले असतील तर नेट आणि पीएच.डी.चा दरवाजाही थेट उघडतो. ज्या मुलीला संशोधनाकडे जायचं आहे, तिला एफ.वाय.चे गुणसुद्धा सैल सोडून चालणार नाहीत. आपल्या महाविद्यालयात चौथं वर्ष सुरू आहे का, आणि असेल तर संशोधनाचं की नुसत्या पेपरांचं, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावं.

पाचोऱ्याला गाडी बदलायची

पदवी हा मधला थांबा आहे, हे जामनेरकरांना सांगायला पीजेइतकं चांगलं उदाहरण नाही. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर; ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी जवळजवळ शंभर वर्षं धावली. मुंबई असो की नागपूर, जामनेरच्या माणसाने पाचोऱ्याला उतरायचं आणि मोठ्या लाइनची गाडी धरायची. खान्देशातली बी.एस्सी. ही अशी पाचोऱ्याची जागा आहे. इथे प्रवास संपत नाही. इथे फलाट बदलायचा असतो, आणि कुठली गाडी धरता येईल हे हातातल्या तिकिटावर ठरतं.

१९४५ मध्ये जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय निघालं. त्याआधी या भागातल्या मुलाला पदवीसाठी खान्देशाबाहेर जावं लागे. ही महाविद्यालयं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढची चार दशकं खान्देश त्याच्या कक्षेत राहिला. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभं राहिलं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मुलांना पदव्युत्तर भौतिकशास्त्र आणि संशोधन घराजवळ आलं, ही मोठी गोष्ट घडली. तरी आयआयटी, टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयुका, भाभा केंद्र या मोठ्या लाइनच्या गाड्या आजही दूरच्या फलाटावरून सुटतात. आता एकेक वाट पाहू.

गणिताची वाट

सैद्धांतिक भौतिकी, पुंज यांत्रिकी, कणभौतिकी, विश्वरचनाशास्त्र, या सगळ्यांची चावी एकच आहे: रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं, सदिश कलन आणि संमिश्र चलांची फलनं. गौण विषय गणित घेतला आणि तो मन लावून केला तर ही वाट उघडी राहते. पुढचा टप्पा प्रवेशपरीक्षांचा. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम, संशोधन संस्थांसाठी जेस्ट, टाटा संस्थेची स्वतःची परीक्षा.

जॅमचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा. त्यातल्या काही प्रश्नांना एकाहून अधिक उत्तरं बरोबर असतात आणि काही प्रश्नांत पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा असतो. खान्देशातल्या मुलाची अडचण नेमकी इथे होते. विद्यापीठाच्या परीक्षेला सिद्धता पाठ करून पहिला वर्ग मिळतो, आणि त्या सवयीचा जॅमला काडीचा उपयोग होत नाही. रोज चार गणितं स्वतःच्या हाताने, उत्तर न बघता सोडवायची, याला दुसरा उपाय नाही. जॅमच्या अभ्यासक्रमात स्थायू भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सही आहे, त्यामुळे 'मी थिअरीवाला' म्हणून प्रयोगशाळा टाळणाऱ्याचे गुण तिथे जातात.

कोटा-लातूरसारखा क्लास यासाठी जामनेरात नाही, पण साहित्य घरी पोहोचलं आहे. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर मोफत आहेत, फाइनमन यांच्या व्याख्यानांचे तिन्ही खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात. भारतीय भौतिकशास्त्र अध्यापक संघटना पदवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीची परीक्षा घेते. एस.वाय.लाच ती देऊन पाहिली तर आपण कुठे उभे आहोत ते कळतं, आणि सुधारायला एक वर्ष हाताशी राहतं.

इलेक्ट्रॉनिक्सची वाट

ही वाट खान्देशाच्या मातीला सगळ्यात जवळची, आणि तरी सगळ्यात दुर्लक्षित. डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अँप, तर्कद्वारं हे पेपरपुरतं शिकून मुलं सोडून देतात. पण संवेदक, सूक्ष्मनियंत्रक आणि मोजमाप यांची जोड जमली की अवतीभवती कामच काम दिसतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती केळी पिकवायच्या खोलीत तापमान सोळा-अठरा अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आर्द्रता राखावी लागते, इथिलीन मोजून सोडावा लागतो. ठिबकचा दाब, मातीतला ओलावा, शीतगृहातलं तापमान हे सगळं उपकरणशास्त्रच आहे. टी.वाय.च्या प्रकल्पाला गावातल्या एखाद्या पिकवणी केंद्राचं तापमान दर मिनिटाला नोंदवणारं यंत्र बनवलं, तर बाजारातून आणलेल्या 'रेडीमेड प्रोजेक्ट'पेक्षा त्यातून दसपट शिकायला मिळेल.

पुढे एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स आहे, उपकरणशास्त्र आहे. शिवाय मोठ्या प्रयोगांना याच हातांची गरज असते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या त्या यंत्राला सिद्धांतवाले लागतील, तसे लेसर, निर्वात तंत्र आणि नियंत्रण-इलेक्ट्रॉनिक्स जाणणारेही लागतील.

पातळ थरांची वाट : जामनेरचं स्वतःचं उदाहरण

आपल्या भागातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधनात सगळ्यात रुजलेली शाखा म्हणजे मटेरियल सायन्स, त्यातही पातळ थर आणि वायुसंवेदक. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात नॅनोपदार्थांच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. जामनेरच्या जी. डी. एम. कला, के. आर. एन. वाणिज्य आणि एम. डी. विज्ञान महाविद्यालयाच्या पत्त्यावरूनही धातूंच्या ऑक्साइडांच्या नॅनो-थरांवरचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले आहेत. आपल्या गावाच्या पिनकोडवरून विज्ञान बाहेर जातं, हे एफ.वाय.ला आलेल्या किती मुलांना ठाऊक असतं?

ही शाखा इथे का रुजली, हे कळलं तर निवड कशी करावी हेही कळतं. स्प्रे पायरोलिसिस नावाची पद्धत घ्या. कथिलाच्या क्षाराचं द्रावण बारीक फवाऱ्याने तीन-चारशे अंश सेल्सिअस तापलेल्या काचेवर सोडायचं. थेंब काचेवर पोहोचता पोहोचता विघटित होतात आणि ऑक्साइडचा पातळ थर बसतो. हा थर गरम ठेवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे थराचा विद्युतरोध वाढतो. मग एलपीजी किंवा हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू सोडला की तो त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन थराकडे परत जातात आणि रोध उतरतो. रोधातला हा फरक म्हणजेच वायूची चाहूल. हे मोजायला लागतं काय? फवारणीची नळी, हीटर, थर्मोकपल, एक बंद पेटी आणि चांगला मल्टिमीटर. क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने मोठ्या केंद्राकडे पाठवता येतात. कमी खर्चात खरं भौतिकशास्त्र होतं, म्हणून ही शाखा तालुक्याच्या गावात जगली.

या वाटेने जाणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या गावात प्रयोगशाळा चालू असेल तर टी.वाय.ची वाट न पाहता तिथे जाऊन उभं राहा. बाटल्या धुवायला मिळाल्या तरी चालेल, वर्षभरात हात तयार होतो. दुसरी, कृतीतच अडकू नका. एक क्षार बदलून तोच प्रयोग पुन्हा करता येतो, निबंधही होतो, पण समज वाढत नाही. थर या तापमानालाच का संवेदनशील झाला, त्याचं उत्तर पृष्ठभागाच्या भौतिकीत आणि पट्टसिद्धांतात शोधायची सवय लावली तरच ही शाखा पुढे नेते.

ऊन, वारा, पाऊस

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ही आपली अडचण खरी, आणि अभ्यासाचा विषयही आपलाच. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्र आहे. ऊर्जेच्या तिन्ही तऱ्हा दोन जिल्ह्यांत पाहायला मिळतात.

सिलिकॉनच्या सौरपट्टीची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. त्याहून प्रत्येक अंश चढला की उत्पादन साधारण ०.४ टक्के घटतं. मे महिन्यात पट्टीचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला तर १०० वॉटची पट्टी ८४ वॉटच्या आसपास येते. शेतकऱ्याच्या सौरपंपाला भर उन्हात पाणी का कमी पडतं, त्याचं एक कारण इथे आहे. मागून हवा खेळती ठेवली तर किती वॉट परत मिळतात, धूळ पुसली तर किती, हे मोजायला तापमापक, मल्टिमीटर आणि एक मे महिना पुरतो. बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यापेक्षा खान्देशी प्रश्न मला तरी सुचत नाही.

हवामानाची वाट पुण्याकडे जाते. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था तिथे आहे, पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. द्रायू यांत्रिकी, उष्मागतिकी आणि संगणकावरची गणनं ही इथली अवजारं. गणित किंवा संगणक गौण विषय असलेल्या मुलाला इथे पाय ठेवायला जागा मिळते.

आकाश, रुग्णालय, संगणक

खगोलभौतिकीची ओढ सगळ्यात जास्त मुलांना असते आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही सगळ्यात जास्त. पुण्यात १९८८ मध्ये आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकरांमुळे ती मराठी घराघरांत पोहोचली. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथलं काम पाहिलं की कळतं, रेडिओ खगोलशास्त्रज्ञाचा दिवस संकेतप्रक्रिया, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये जातो. पदवीच्या मुलांसाठी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळाही भरते. वैकल्पिक पेपरात 'खगोलभौतिकी' नसली म्हणून हळहळू नये. पायथॉन आणि फूरिए रूपांतर येत असेल तर ती वाट शाबूत आहे.

वैद्यकीय भौतिकीची वाट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. कर्करोगाच्या किरणोपचारात रुग्णाला किती मात्रा, कुठून, किती वेळ द्यायची हे मोजणारा माणूस फिजिक्सचा असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांमुळे किरणोपचार केंद्राला असा तज्ज्ञ आणि किरणसुरक्षा अधिकारी ठेवावाच लागतो. एम.एस्सी. फिजिक्स चांगल्या गुणांनी केल्यावर भाभा केंद्राचा किरणविज्ञान भौतिकीचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. डॉक्टर होता आलं नाही म्हणून खंतावणाऱ्या मुलांना या वाटेबद्दल आवर्जून सांगावं. रुग्णसेवेत त्यांची जागा आहे.

संगणक गौण विषय घेऊन पुढे एम.सी.ए. किंवा डेटा सायन्सकडे जाणारी मुलं वाढली आहेत. त्यात काही गैर नाही. पण फिजिक्समधली संख्यात्मक गणनं आणि नोंदींचं विश्लेषण प्रोग्रॅमशी जोडलं तरच या मुलांचं वेगळेपण टिकतं. नुसती भाषा शिकणारे पुण्यात हजारोंनी आहेत.

शिकवण्याची वाट

खान्देशातल्या बहुतेक मुलींच्या घरी पहिली पसंती हीच असते: बी.एस्सी., बी.एड., गावात नाहीतर तालुक्याला नोकरी. पसंती चांगली आहे, कारण आठवी-नववीला बल आणि गती नीट समजावणारा शिक्षक मिळाला तर पुढच्या साऱ्या वाटा तिथून फुटतात. पण परिस्थिती झाकून ठेवू नये. शाळेसाठी बी.एड.नंतर पात्रता आणि अभियोग्यता परीक्षा आहेत, पवित्र प्रणालीतून भरती आहे. महाविद्यालयासाठी सेट किंवा नेट लागते आणि ती उत्तीर्ण होऊनही अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. तासाप्रमाणे मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही आणि सुट्टीत तेही मिळत नाही. या माणसांनी भौतिकशास्त्र जिवंत ठेवलं आहे, आणि आपण त्यांना न्याय दिलेला नाही. ही वाट धरणाऱ्याने दुसरं एक अवजार, इलेक्ट्रॉनिक्सचं किंवा संगणकाचं, जवळ ठेवावं, असं मी कळकळीने सांगतो.

कागदावरचा पर्याय, वर्गातला पर्याय

पुस्तिकेत चार वैकल्पिक पेपर छापलेले असतात. तालुक्याच्या महाविद्यालयात फिजिक्सला तीन-चार शिक्षक, त्यातलेही काही तासिका तत्त्वावरचे. मग विभाग एकच पेपर चालवतो आणि सगळा वर्ग तोच घेतो. पर्याय कागदावर राहतो. यात शिक्षकांचा दोष नाही. जागा रिकाम्या ठेवून लवचीक शिक्षणाच्या घोषणा केल्या की हेच होणार. जागा भरल्याशिवाय निवडीचं स्वातंत्र्य खरं होणार नाही, हे पालकांनीही ठामपणे मागितलं पाहिजे.

तोवर मार्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी व्यासपीठावरून करून त्यांचे श्रेयांक मिळवता येतात. महाविद्यालयाने मान्यता द्यावी लागते, म्हणून अर्ज वेळेत करायचा. उन्हाळ्यासाठी देशाच्या विज्ञान अकादमींच्या संशोधन पाठ्यवृत्ती आहेत, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम आहे. आणि जळगावला विद्यापीठाची भौतिकशास्त्र प्रशाळा एका एसटीच्या अंतरावर आहे. तिथली उपकरणं पाहायला, सेमिनार ऐकायला जाता येतं. दार ठोठावणाऱ्या पोरांना शिक्षक सहसा परत पाठवत नाहीत.

बस, पैसा, घर

विशेषीकरणाबद्दल लिहिताना बसच्या वेळा सहसा कुणी लिहीत नाही. नेरी, पहूर, फत्तेपूरकडून येणाऱ्या मुलीचा निर्णय पुष्कळदा तिथेच होतो. प्रयोगशाळा दुपारी सुरू होते, प्रयोग जमायला लागतो तोवर शेवटच्या सोयीच्या बसची वेळ होते. मग ती प्रयोगाचा विषय सोडून वर्गातला विषय घेते, आणि आपण म्हणतो, मुलींना प्रात्यक्षिकात रस नसतो. सकाळच्या पाळीत प्रयोगशाळा उघडली तर हा प्रश्न पैशाशिवाय सुटतो. ज्या विभागाने हे केलं, त्याने नवा पेपर सुरू करण्याहून मोठं काम केलं.

पैशाचंही तसंच. सैद्धांतिक वाट लांब आहे: एम.एस्सी., मग पीएच.डी., पहिली पाठ्यवृत्ती हाती येईपर्यंत घराने वाट पाहायची. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी ते अवघड जातं. म्हणून पदवीनंतर लगेच उघडणारं एखादं दार, विद्यावेतनी प्रशिक्षणार्थी, हवामान खात्यातलं वैज्ञानिक सहायकाचं पद, हवाई वाहतूक नियंत्रण, हे नजरेत ठेवून लांबची तयारी करावी. त्याने स्वप्न लहान होत नाही, उलट त्याला उसंत मिळते.

वर्षवार रीत

पहिल्या वर्षी गणित सोडू नये, मग पुढे काहीही करायचं असो. ज्याला गणित गौण म्हणून घेता येत नाही त्याने मुक्त वैकल्पिकातून किंवा स्वयम् वरून ते सांभाळावं. दुसऱ्या वर्षी एक अवजार ठरवावं आणि एक भाषा, म्हणजे पायथॉन, हाताला लावावी. याच वर्षी जॅमचे जुने पेपर समोर ठेवून आपल्याला गणितं सोडवायला आवडतं की जोडणी करायला, हे प्रामाणिकपणे पाहावं. पेपर हातात घेतल्यावर वेळेचं भान जातं की प्रयोगाच्या टेबलापाशी, एवढी खूण पुरे. तिसऱ्या वर्षी प्रकल्प आपल्या शिवारातला घ्यावा आणि त्यातलं मोजमाप स्वतः करावं. मुलाखतीत पॅनेल विचारतं ते याच्याबद्दल, आणि स्वतः मोजलेल्या आकड्याबद्दल बोलताना इंग्रजी अडखळलं तरी माणूस अडखळत नाही.

परदेशातल्या विद्यापीठांत फिजिक्सच्या पदवीला उपयोजित, खगोलीय, शिक्षणविषयक असे वेगवेगळे पट्टे असतात. तिथेही यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी आणि पुंज यांत्रिकी यांचा गाभा सगळ्यांना साधारण सारखाच असतो. तो पाया जामनेरला आणि केंब्रिजला एकच आहे.

आता खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या बापाकडे परत येतो. त्याने विचारलेला प्रश्न खरा आहे, फक्त तो खिडकीवर विचारून भागत नाही. विचारायचं असं: गणित गौण म्हणून इथे खरंच शिकवलं जातं का? टी.वाय.चे प्रकल्प कोण करवून घेतं, आणि मागच्या वर्षीचे दाखवता का? प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते, आणि तास संपल्यावर ती मुलांना मिळते का? याची उत्तरं जिना चढून प्रयोगशाळेच्या दारात गेल्यावरच मिळतात. पेरणीतून अर्धा दिवस काढलाच आहे, तर पोरीला घेऊन तेवढा जिना चढावा.